कूलरसमोरचा तंबोरा

लकव्यानंतर अक्काच्या तोंडात एकच शब्द उरला: शे.

खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. आमच्या खेड्यात आई ‘घरी आहे’ नसायची, ती ‘घर शे’ असायची. पाणी, पाऊस, देव, ताप, जे काही होतं ते शे होतं. अक्का माझी थोरली बहीण. डी.एड. करून ती सुट्टीत घरी आली आणि पहिल्याच जेवणाला तिने मला दुरुस्त केलं. “शे नाही. आहे. म्हण, भाजी गरम आहे.” मी म्हणालो. आई चुलीपुढून म्हणाली, “आते तू माले बोलाले शिकाडशी का?” अक्काने आईलाही शिकवून पाहिलं. तिथे मात्र ती नापास झाली. पुढे धुळ्याच्या एका प्राथमिक शाळेत तिने सगळी नोकरी केली आणि पोरांच्या कितीतरी पिढ्यांच्या जिभेवरून तो शब्द खरवडून काढला. छडी क्वचित वापरायची. नुसती बघायची. तेवढं पुरायचं.

आणि मग मेंदूत कुठेतरी रक्त अडकलं, मराठीचं सगळं सामान वाहून गेलं, आणि गाळात हा एक शब्द राहिला.

तिचे यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नाही. म्हणून मी तिला जळगावला माझ्या घरी आणलं. तिला सगळं समजत होतं. पाणी हवं की नको, हे सांगायला तोंड उघडलं की शे. नको म्हणायलाही शे. शब्द बाहेर पडला की ती चालता असलेला डावा हात उचलून स्वतःच्या ओठांवर चापट मारायची. जोरात नाही. वर्गातल्या पोराला मारावी तशी. ते बघणं मला जमत नसे. मी पेपर समोर धरायचो.

दवाखान्यातून वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी यायची. ती म्हणाली, “काका, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी असते. मावशी गायच्या का?”

गायची. शाळेत रोजची प्रार्थना तिनेच सांगायची, तीही साध्या तंबोऱ्यावर. शाळेची पेटी उंदरांनी खाल्ली होती आणि नवी घेण्याचा ठराव दर वर्षी एकमताने मंजूर होत असे.

“मग सूर लावून द्या. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात,” मुलगी म्हणाली.

मोबाइलवर तंबोरा मिळतो. मी लावला. अक्काने डोळे मिटले, ओठ किंचित हलले, आणि तेवढ्यात तंबोरा थांबून एका बाईने मला वैयक्तिक कर्ज हवं का विचारलं. अक्काने फोन पलंगाखाली ढकलला. पुन्हा कधी जवळ येऊ दिला नाही.

विकत आणता आला असता. पण माझी निवृत्ती नुकतीच झाली होती, आणि निवृत्त माणसाला आपण हातांनी काहीतरी करू शकतो असा एक आजार होतो. माझा आजार वाचनातून आला होता. लाकडाविषयी मी भरपूर वाचलं होतं. करवत मात्र धरली नव्हती.

लाकडाच्या वखारीचे शेठजी मारवाडी, बोलायला गोड. मी तंबोऱ्याचं म्हणताच त्यांनी हात जोडले. “सरस्वतीचं काम. सागवान घ्या साहेब. तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत हलणार नाही.” मला नातू नाही हे मी सांगितलं नाही. सागाच्या फळ्या घेतल्या, रंध्याखाली पातळ करून घेतल्या, आणि रिक्षात मांडीवर धरून आणल्या.

भोपळ्याचा तंबोरा माझ्या आवाक्यात नव्हता. मी पेटीसारखा करायचं ठरवलं: चार बाजू, खाली एक फळी, वर तबली म्हणजे आवाज घुमवणारी पातळ फळी, एक लांब दांडी आणि चार तारा. काम अक्काच्या खोलीत मांडलं. घरात कूलर तिथेच होता, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर नसलेल्या खोलीत माणूस काम करत नाही, नुसता टिकतो. शिवाय तिला बघायला मिळेल.

तिने बघितलं. मी करवत चालवायचो आणि ती उशीला टेकून माझ्या कापाकडे अशी बघायची जशी एखाद्याच्या अक्षराकडे बघावं. काप तिरका गेला की डाव्या हाताचं बोट हवेत एक आडवी रेघ मारायचं: खोड, पुन्हा लिही. मी पुन्हा कापायचो. बाजू जोडायला काढल्या तेव्हा प्रत्येक कोपऱ्यात उजेड दिसत होता. बायको चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “यातून हवा येते हो. अक्कांना गरम होणार नाही.” अक्का हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसली.

फटींत लाकडाचा भुसा आणि गोंद भरला. तबली चिकटवून दाबून ठेवायला माझ्याकडे शिकंजे नव्हते. पाटा-वरवंटा ठेवला, लोणच्याची बरणी ठेवली, तरी एक कोपरा उचललेला राहिला. मग कपाटातून मराठी शब्दकोशाचे खंड काढले आणि ओळीने रचले. एवढे शब्द एका जागी बघून अक्काने मान फिरवली. मला ते नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ओझं काढलं तर तबली घट्ट बसली होती. फक्त मधोमध थोडी फुगल्यासारखी वाटत होती. मला वाटलं, हेच कौशल्य. चांगल्या वाद्याची तबली फुगीर असते, हे मी वाचलेलं होतं.

खुंट्या कानशीने गोल करता करता अंडाकृती झाल्या. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, जुन्या पोळपाटाच्या लाकडाची केली. घोडी आणि तार यांच्यात सुती दोरा सरकवायचा असतो. तो नेमक्या जागी आला की तार गुणगुणायला लागते. त्याला जवारी म्हणतात. ती सापडेपर्यंत माझा तंबोरा धान्याच्या पत्र्याच्या डब्यासारखा बोलत होता. बायकोने शेजारच्या खोलीतून विचारलं, “काय पडलं?”

आणि मग एका सकाळी दोरा केसभर सरकला आणि आवाज उघडला. फार मोठा नाही. एखाद्या बंद खोलीत माशी अडकावी तसा, पण सुरातला. मी तारा छेडत राहिलो. अक्काने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिच्या घशातून एक हुंकार निघाला आणि तारेला जाऊन चिकटला.

शे नव्हतं ते. नुसता स्वर होता, पण तिचा होता आणि हात ओठांकडे गेला नाही.

त्यानंतर रोज सकाळी तंबोरा. हुंकाराचा ‘ना’ झाला, ‘रा’ झाला. प्रार्थनेची चाल ओळखू येऊ लागली, शब्दांच्या जागी गाळलेल्या जागा. उपचार करणारी मुलगी म्हणाली, “काका, हे थांबवू नका. काहीही झालं तरी थांबवू नका.” अक्काला तंबोरा चालू आहे तोवर तो शब्द येत नसे. दिवसातली तेवढीच वेळ ती स्वतःला मारत नव्हती.

ही बातमी धुळ्याला कशी पोचली ठाऊक नाही. निवृत्त शिक्षकांच्या एका मंडळाचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, “बाईंचा हृद्य सत्कार करायचा आहे. आणि बंधूंनी स्वहस्ते घडवलेलं वाद्य व्यासपीठावर हवंच. समाजाला प्रेरणा मिळते.” समाजाला प्रेरणेची टंचाई आहे असं मला कधी वाटलं नाही, पण मी अक्काला विचारलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिथे तिच्या शाळेतली माणसं असणार होती. ती “शे” म्हणाली, आणि त्या दिवशी हात उचलला नाही. मी तो होकार समजलो.

पारोळ्यावरून गाडीने गेलो. तंबोरा मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेला. सभागृहात पोचलो तेव्हा भर दुपार होती आणि वीज गेलेली. पंखे स्तब्ध. बाहेरची हवा आत येऊन बसली होती, भट्टीच्या तोंडाशी असते तशी, कोरडी. अक्काला चाकाच्या खुर्चीत वर चढवलं, तंबोरा तिच्या शेजारी स्टुलावर ठेवला, त्यावर झेंडूचा हार घातला. जनित्रावर फक्त माइक चालत होता. अध्यक्ष उठले. शाल, श्रीफळ, ज्ञानाचा नंदादीप, संस्कारांची शिदोरी. एका पाहुण्यांनी दुसऱ्या पाहुण्यांचा परिचय करून दिला आणि दुसऱ्यांनी त्याची परतफेड केली.

अध्यक्ष ‘वटवृक्ष’ या शब्दावर होते तेव्हा तंबोरा फाटला. कडाड असा एकच आवाज. तबली घोडीखालून वरपर्यंत उभी चिरली, एक तार सैल होऊन लोंबली. पहिल्या रांगेतले काही जण टाळ्या वाजवू लागले. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला असावा.

कारण मला तिथेच कळलं, हार बाजूला करून चिरेत बोट घातल्यावर. मी ते लाकूड कूलरच्या ओल्या हवेत कापलं, ओल्या हवेत चिकटवलं. ते पाणी पिऊन फुगलं होतं, त्या फुगण्याला मी कौशल्य म्हणालो होतो. चारी कडांनी गोंदाने बांधलेलं ते खऱ्या खानदेशी हवेत आलं, आक्रसू लागलं, आणि आक्रसायला जागा नव्हती. दमट हवेच्या गावात हे घडलं नसतं, आणि कूलर नसलेल्या घरातही नाही.

अध्यक्षांनी प्रसंग सावरला. त्यांनी माइक काढून अक्काच्या ओठांपुढे धरला. “बाई, आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द.”

मी “नको” म्हणालो. मला माइक नव्हता.

अक्काने समोर बघितलं. पांढऱ्या केसांची पोरं, जाड चष्म्याच्या पोरी. तिने मान तंबोऱ्याकडे वळवली, मग तोंड उघडलं.

“शे,” ती म्हणाली. सगळ्या सभागृहात ऐकू गेलं.

अध्यक्षांनी माइक पुन्हा स्वतःकडे घेतला. “ऐका मित्रहो. अवघं आयुष्य प्रमाण भाषेची सेवा केली, पण हृदयात मायबोली. अहिराणीचा हा अभिमान आपण जपला पाहिजे.” टाळ्या पडल्या, या वेळी सगळ्यांच्या. अक्काचा डावा हात उठला आणि ओठांवर पडला. मग पुन्हा पडला. शाल खांद्यावरून घसरली. एका माजी विद्यार्थिनीने ती पुन्हा नीट पांघरली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, “भारावून गेल्या गं.”

मी तिचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

दुसरा तंबोरा मी गच्चीवर केला. फळ्या उन्हात, सावलीत, पुन्हा उन्हात ठेवून, स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन. कोपऱ्यांत उजेड कमी होता. आवाज पहिल्यापेक्षा चांगला निघाला, हे सांगायला मला कसंतरीच वाटतं. अक्काने तो ऐकला. ओठ मिटलेले ठेवले. दुसऱ्या दिवशीही. मुलगी म्हणाली, “जबरदस्ती नको,” आणि मग आठवड्यातून कमी वेळा येऊ लागली. तारा मी उतरवून ठेवल्या. तंबोरा भिंतीला टांगला, चिरलेला पहिला पलंगाखाली गेला, जिथे कधीकाळी फोन ढकलला होता.

पावसाळ्यात अक्काची प्रकृती खालावली. एका सकाळी मी तिला चमच्याने चहा पाजत होतो. ती पुढे झुकली, शब्द निसटला, हात उठला. मी तो वाटेतच धरला. आणि का कोण जाणे, आईच्या बोलीत विचारलं, जी मी अक्काच्या धाकाने कधीच सोडली होती.

“अक्का, च्या गरम शे का?”

तिने माझ्याकडे बघितलं. तीच नजर, वर्गातली. मला वाटलं, आता बोट रेघ मारणार: खोड, पुन्हा म्हण. ते हललं नाही.

“शे,” ती म्हणाली.

हात माझ्या हातात ढिला पडला.

“पानी बाहेर शे का?”

“शे.” पाऊस होताच.

“बरं शे का तुले?”

“शे.”

मी थांबायला हवं होतं. “तरास शे का?”

तिने डोळे मिटले. “शे.”

बायको कप न्यायला दारात आली. “बोलल्या का काही?”

“बरं आहे म्हणाली. त्रास आहे असंही म्हणाली.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

तिने कप उचलला, आत बघितलं. अर्ध्याच्या वर चहा तसाच होता, साय धरलेला.