आईला समजेल असा अभ्यास

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आई सुलतान बाजारात बसमधून उतरताना पडली आणि तिचा पाय मोडला. प्लास्टर घालून तिला घरी आणलं, त्या वेळी माझी परीक्षा जेमतेम दोन महिन्यांवर आली होती. बाबा सकाळीच ड्युटीवर जायचे. घरात आम्ही तिघंच, त्यामुळे स्वयंपाक, धुणं, आईची औषधं सगळं माझ्याकडे आलं. त्यानंतर बस पकडून विद्यानगरला कॉलेज.

नांदेडहून मावशी आईला बघायला आली. चहा घेता घेता म्हणाली, "या वर्षी परीक्षा राहू दे. पुढच्या वर्षी दे."

आई काही बोलायच्या आत मी म्हणाले, "नाही मावशी, याच वर्षी देणार."

"कसं जमवशील गं?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण वर्ष सोडायचं नाही, एवढं ठरलं होतं.

त्याच संध्याकाळी मी टाइमटेबल करून फ्रिजवर चिकटवलं. पहाटेपासून झोपेपर्यंत एकही मिनिट मोकळं नव्हतं. ते आठवडाभरही टिकलं नाही. एकदा नळाला पाणीच उशिरा आलं, एकदा आईला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि टाइमटेबलातलं एक काम चुकलं की पुढची सगळी चुकायची. फ्रिज उघडताना मी त्या कागदाकडे बघेनाशी झाले. शेवटी तो काढून टाकला आणि नवीन नियम केला: रोज एक नवा भाग वाचायचा, एक जुना पुन्हा बघायचा, आणि रविवारी दुपारी काहीच ठरवायचं नाही. आठवड्यात राहून गेलेलं त्या दुपारी उरकायचं. फोन आईकडे दिला.

"मैत्रिणीचा मेसेज आलाय, वाचू का?" आई पलंगावरून विचारायची.

"नक्को! दुपारी बघते."

तरीही वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. पोळ्या लाटताना मी सकाळचा धडा पुटपुटत होते, तर आई म्हणाली, "एकटीच काय बोलतेस? मला सांग की. पडून पडून कंटाळा आलाय."

विषय होता शरीरक्रियाशास्त्र, पुस्तक इंग्रजीत. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. मी किडनीचं काम सांगायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. इंग्रजी व्याख्या तोंडपाठ होती, पण आईने विचारलं, "म्हणजे किडनी रक्त गाळते, तर चांगलंही सगळं वाहून जात असेल ना?" गॅस बंद करून मी पुस्तक उघडलं. शरीराला लागणारं बरंचसं परत आत घेतलं जातं, हे त्याच पानावर होतं. मी ते कितीदा तरी वाचलं होतं.

तेव्हापासून ओटा हीच माझी अभ्यासाची जागा झाली. सकाळी वाचायचं, स्वयंपाक करताना आईला सांगायचं, आणि जिथे अडेन तिथे खूण करून ते कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बघायचं. हाड कसं जुळतं तो भाग आला तेव्हा आईने तीनदा सांगायला लावला. "माझंही असंच चाललंय का आत?" ती प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली. त्या दिवशी आमटी करपली आणि कुणी कुरकुरलं नाही.

मध्ये एकदा मला ताप आला. सगळं मागे पडलं, आणि मावशीचं बोलणं खरं ठरणार अशी भीती वाटली. बाबांनी दोन दिवस रजा टाकली, खिचडी केली. मी रविवारची मोकळी दुपार वापरली, पुढच्या रविवारचीही, आणि हळूहळू रुळावर आले.

परीक्षेत किडनीवर मोठा प्रश्न आला. मी त्याचं उत्तर मनातल्या मनात आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत लिहिलं. पेपर संपायच्या आधीच माझं लिहून झालं होतं. निकाल लागला तेव्हा वर्गात पहिली आले नव्हते, पण सगळे विषय सुटले होते, आणि शरीरक्रियाशास्त्रात सगळ्यात जास्त मार्क होते.

आईने स्वतःच मावशीला फोन लावला. "झाली पास," एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मावशी म्हणाली, "हट्टी आहेस बरं का," आणि मग तिच्या मुलीला अकरावीत रसायनशास्त्र जड जातंय, तर कसं वाचायचं ते सांग म्हणाली. मी म्हटलं, "रविवारी दुपारी फोन कर, तेव्हा मी मोकळी असते."