मावशीच्या पाच खेपा

शिवणकाम करणारी मावशी विसरभोळी झालीय, अशी गल्लीभर कुजबुज होती. सकाळी साबण, दुपारी काडेपेटी, संध्याकाळी मीठ. दर खेपेला बँकेचं कार्ड पुढे. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?" दुकानदार खवचटपणे विचारायचा.

डोकं अगदी ठिकाणावर होतं. महिन्यात पाचदा कार्ड वापरलं आणि रोख रक्कम काढली नाही, तरच बँक बचतीवर जास्त व्याज देणार होती. त्यातून नवऱ्याला, म्हणजे काकांना, कानाचं यंत्र घ्यायचं होतं. कारखान्याच्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि हळूहळू बोलणंही सुटलं. "भिंतीशी किती बोलू गं?" ती हाताखाली शिवणाऱ्या भाचीला म्हणायची. एकदा तापाने फणफणलेली असतानाही महिनाअखेरची पाचवी खेप तिने भिंत धरधरून केली.

यंत्र आलं, काकांनी कानात घातलं. "तासाभरात काढून ठेवतील बघ," भाचीने पैज लावली. हरणाऱ्याने महिनाभर बटणं लावायची.

मावशी मशीनवर शिवत बसली. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "मशीन कुरकुरतंय. तेल घाल."

मावशीने डोळे पुसले आणि तेल घातलं. काकांनी यंत्र झोपेपर्यंत काढलं नाही. भाची अजून बटणं लावतेय.