पोटाला लावलेला फोन

लग्नात मानपान झाला, रुसवेफुगवे झाले, पण नवऱ्याशी धड बोलणं काही झालं नाही. ते जमलं पुढं, फोनवर.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावी आले. नवरा पुण्याला कंपनीत. जाताना त्यानं बटणाचा एक मोबाईल माझ्या हातात ठेवला. गावात टॉवर नुकताच उभा राहिला होता आणि स्वतःचा मोबाईल असलेली बाई मी एकटीच. माझा तोरा काय विचारता! मी दुपारी एक मिस कॉल द्यायचा आणि त्यानं जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा, असं ठरलेलं. पत्र्याच्या घरात रेंज येत नसे, म्हणून मी गोठ्याजवळ गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर जाऊन बसायची.

बोलणं तरी काय? जेवलीस का, जेवलात का. एक दिवस तो म्हणाला, "लेकराला दे की फोन."

"पोटातल्याला?"

"व्हय. पोटाला लाव. मी बोलतो."

मी इकडंतिकडं बघून पदराखाली फोन पोटाला लावला. तो काय बोलला कोण जाणे, पण आतून सणसणीत लाथ बसली. मी हसून हसून बेजार. मग ते रोजचंच झालं. लेकरू बापाच्या वळणावर जाणार, माझं काही ऐकणार नाही, अशी मी मनातल्या मनात तक्रार करायची आणि खूष व्हायची.

ओटी भरायला सासूबाई आल्या त्या थोरल्या दिरांचा निरोप घेऊनच. दीर शाळेत मास्तर. त्यांनी पेपरात वाचलं होतं की मोबाईलच्या लहरी पोटातल्या जिवाला कदाचित बाधतात, तेव्हा जरा जपावं. सासूबाईंच्या तोंडून निघेपर्यंत त्यातलं 'कदाचित' गळून गेलं होतं. माझ्या आईला तर ते ऐकताक्षणी पटलं. ग्रहणात आमच्याकडं गरोदर बाईला विळी, सुई हातात धरू देत नाहीत. आता फोनही त्यांच्या रांगेत जाऊन बसला.

"काहून गं, रोजचं ग्रहण अंगावर घेऊन राहिली?" म्हणून आईनं फोन ज्वारीच्या कोठीवर नेऊन ठेवला. दुपारी ती शेतात गेली की मी तो काढायची आणि ती यायच्या आत परत ठेवायची.

आठवा महिना सरत आला. तेव्हा लोडशेडिंगनं नुसता कहर केला होता. त्यातच एकदा सलग दोन दिवस वीज आली नाही, टॉवरच्या जनरेटरचं डिझेलही संपलं आणि रेंज गेली. दोन दिवस फोन आला नाही. दोन दिवस लेकरूही हललं नाही.

मला वाटलं, रुसलंय. बापाचा आवाज नाही म्हणून गप्प बसलंय. खरंच असं वाटलं मला. पोटावर हात फिरवून मी त्याला सांगितलं, उद्या येईल हं फोन. इतकी मी शहाणी! आईला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर चोरून फोन लावते हेही सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी घाईनं पोटाला लावला. त्याची बारीक कुजबुज मला वरून ऐकू येत होती. आत काहीच नव्हतं. पुन्हा लावला, दुसऱ्या बाजूनं लावला, आणि मग मी ओरडले.

जीपनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवून बघितलं आणि हळूच विचारलं, "बाळ कधीपासून हललं नाही?"

आई उशाशी उभी होती. मी म्हणाले, "आज सकाळपासून."

मुलगा होता. डोकंभर जावळ. आईनं रडत रडत डॉक्टरीणबाईंना फोनचं विचारलं. त्या म्हणाल्या, "फोनमुळं झालं असं आज कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. जपलेलं बरं, इतकंच. पण पोट शांत वाटलं की एक दिवसही थांबायचं नाही, लगेच यायचं." फोन हा शब्द तेवढा आईनं उचलला. बाकीचं माझ्या वाट्याला आलं.

नवरा पुण्याहून पोचेपर्यंत माती झाली होती. तो डोणीच्या काठावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मीच म्हणलो होतो, पोटाला लाव." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोलायचं ते बोलले नाही.

पुढं तो पुणं सोडून आमच्याच भागात, औंढ्याला एका दुकानात कामाला लागला. दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. मोबाईल घराबाहेरच्या कोनाड्यात राहू लागला. एका सकाळी पोट तासभर शांत वाटलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. दवाखान्यात मशीनमधून ठोके ऐकू आले, चांगले धावते. "लगेच आलात, छान केलंत," डॉक्टर म्हणाले.

परतताना रिक्षात तो हसत होता आणि डोळे पुसत होता. मग त्याचं हसू ओसरलं.

"तवा बी तू अशीच लगेच सांगितलं होतंस," तो म्हणाला. "तरी गेलं. म्हंजी फोननंच गेलं. माझ्यानंच."

सांग, आता तरी सांग, असं मी स्वतःला म्हणत होते. त्याच्यावर माझा जीव होता आणि तरी माझं तोंड उघडलं नाही. ते अजूनही उघडलेलं नाही.

रिक्षा दारात थांबली. तो आधी उतरला, खिशातला मोबाईल कोनाड्यात ठेवला, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, पंच्याला कोरडे केले, आणि मग मला उतरवायला हात पुढं केला. मी तो हात धरला आणि घरात गेले.