चिठ्ठीसाहेबांचा गाळलेला ओळभर मजकूर

चिठ्ठीसाहेबांना किती वाजले असं विचारलं, तरी ते एक वेळ सांगत नसत. “पावणेचार ते चार,” म्हणत. मनगटावर घड्याळ असे, पण ते मागं पडतं आणि किती पडतं ते ठाऊक नाही, हे त्यांचं कारण. पहिल्या आठवड्यात मला या माणसाचा फार राग आला होता.

महायुद्ध चालू होतं. बाहेरून येणारं क्विनाइन बंद झालं होतं आणि साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात, हिवतापानं घरंच्या घरं आडवी पडली होती. हाताशी होतं ते औषध एका खोऱ्यालाच पुरलं असतं. वरून कसोटी आली : निम्म्याहून अधिक मुलांची पानथरी वाढलेली असेल, तरच औषध आमच्या खोऱ्याला, नाहीतर ते डोंगरापलीकडच्या खोऱ्याला जाणार. हिवताप पुन्हापुन्हा आला की डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते. ती चाचपायला मी, सरकारी दवाखान्यातली नर्स. आणि हिशेब मांडायला चिठ्ठीसाहेब. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरात जन्मलेले, सांगलीला राहून गणित शिकलेले. बोलत पुस्तकी, पण मन हललं की गावची बोली बाहेर पडे.

खोऱ्यातल्या सगळ्या पोरांची नावं त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून एका घागरीत टाकली आणि शंभर चिठ्ठ्या काढल्या. तेवढीच पोरं तपासायची. त्यावरून लोकांनी त्यांना ते नाव ठेवलं. पाटील म्हणाले, “सायेब, शंभरच पायजेत न्हवं? चावडीवर बोलावतो की. उगं डोंगर कशाला चढता?” चिठ्ठीसाहेब म्हणाले, “चावडीवर चालत येतील ती धडधाकट. जी येऊ शकत नाहीत तीच मोजायची राहतात.” मग एका चिठ्ठीपायी आम्ही दोन तास चढून एकट्या झोपडीपर्यंत गेलो. ते पोरगं ठणठणीत निघालं. मी पाय चोळत बसले आणि त्यांनी शांतपणे वहीत ‘नाही’ लिहिलं.

एका वाडीत एक बाई पोर काखेला मारून आडवी आली. “माझ्या पोराची चिठ्ठी न्हाई निघाली म्हणून त्याला बघायचं न्हाई व्हय?” चिठ्ठीसाहेब बाजूला झाले. “सिस्टर, बघा त्याला. असेल ते औषध द्या. वहीत मात्र घेऊ नका.” पोराची पानथरी चांगली चार बोटं वाढलेली होती. वहीत घेतलं असतं तर आकडा वर गेला असता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, “आजारी पोर आपण होऊन समोर येतं. बरं पोर येत नाही. मग आपण काय मोजलं?”

शंभरांत पंचेचाळीस मुलांची पानथरी वाढलेली निघाली. त्यांनी अहवालात लिहिलं : पंचेचाळीस; खरा आकडा पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान असावा. साताऱ्याचे अधिकारी वैतागले. “मला एक आकडा द्या.”

“साहेब, मी सगळी पोरं पाहिलेली नाहीत. अशा चिठ्ठ्या शंभरदा काढून शंभरदा मोजलं, तर पंच्याण्णवदा खरा आकडा त्या त्या वेळच्या दोन टोकांत सापडेल. पाचदा मी चुकेन. आजची वेळ त्या पाचांतली आहे की काय, ते मला कळायला मार्ग नाही.”

“म्हणजे निम्म्याखाली.”

“निम्म्यावरही असेल. अजून तीनशे पोरं बघू द्या. एकूण चौपट झाली की दोन टोकांतलं अंतर निम्म्यावर येईल.”

तीन आठवडे मिळाले. त्या तीन आठवड्यांत चिठ्ठीसाहेबांना स्वतःलाच हिवताप धरला. थंडी भरली की घोंगडी पांघरून दगडावर बसत, ओसरली की उठून चालत. पहिल्या शंभरांतली एक मुलगी दरम्यान वारली. तिचं नाव वहीतून काढायचं का, मी विचारलं. त्यांनी वही उघडून तिच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “न्हाई. ती होती तवा मोजलीय.”

चारशे पोरांचा हिशेब झाला तेव्हा शंभरी त्रेपन्न आले. मी आनंदानं टाळी वाजवली. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “खालचं टोक अठ्ठेचाळीस, वरचं अठ्ठावन्न. अजून खात्रीनं सांगता येत नाही, सिस्टर.”

त्यांना पुन्हा थंडी भरली, म्हणून अहवालाची स्वच्छ प्रत मी लिहिली. त्रेपन्न लिहिलं. दोन टोकांची ओळ गाळली. ती वारलेली मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांनी तापात, न वाचता सही केली. माझ्यावर भरवसा होता.

औषध आलं. मी वाडीवाडीत वाटलं. पोरं अंगणात दिसू लागली. महिन्याभरानं चिठ्ठीसाहेब आटपाडीला घरी राहून बरे होऊन परतले आणि कचेरीत त्यांनी ती प्रत पाहिली. सरळ अधिकाऱ्यांकडे गेले आणि ओळ राहिल्याचं लिहून दिलं. प्रत कोणी केली, असं अधिकाऱ्यांनी माझ्यादेखत विचारलं. ते म्हणाले, “सही माझी आहे.” मी दाराशी उभी होते. मी तशीच मागच्या मागं बाहेर पडले.

त्यांना मोजणीवरून काढून सांगलीला धान्याच्या कचेरीत धाडलं. मोटारीपर्यंत पोचवायला मी गेले आणि तिथं रडले. “मी पोरांसाठी केलं, साहेब.”

“ते मला कळतं. कदाचित तुमचाच आकडा खरा असेल.” ते वळकटीची दोरी पुन्हापुन्हा आवळत होते. “पण डोंगरापलीकडं पण पोरं हायती, बाई. त्यांच्या वाटचं औषध आपण हिकडं वळवलं. टोकं लिहिली असती तर वरच्यांनी इचार तरी केला असता, निम्मं निम्मं वाटलं असतं. तुमी त्यांना इचार करू दिला न्हाई.”

मोटार गेली. त्यानंतर आमची भेट नाही. मी सांगलीच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली, आणि कबुलीचं एक साताऱ्याच्या कचेरीला. कुठूनच उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी मी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात बदली मागून घेतली. पहिल्याच वाडीत एका बाईनं पोराला माझ्यापुढं निजवलं आणि विचारलं, “आवं बाई, औशीद आता आणलंसा. मागल्या साली का न्हाई आणलं?”

मी मान खाली घातली आणि पोराच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला. पानथरी बेंबीपर्यंत आली होती.