ढीग मिसळायचा राहिला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. बसा जरा.

आधी वहिनीबद्दल बोलतो — म्हणजे मला बरं बोलता येईल. माझ्या मायला विसरण्याचा आजार झाला. गावानं त्याला म्हातारचळ म्हणून मोडीत काढलं, नांदेडच्या डॉक्टरांनी अल्झायमर म्हटलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी माय शांत झोपायची, पण उठली की दाराकडे धावायची. तिला माहेरी जायचं असायचं. माहेर तिकडे सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, आणि तिथं आता तिचं कुणीच उरलेलं नाही. दादा, माझा थोरला भाऊ, दाराला कुलूप लावायला निघाला होता. वहिनीनं लावू दिलं नाही.

तिनं काय केलं? वाळलेल्या हळदीचं एक पोतं न विकता बाजूला ठेवलं आणि ओसरीवर मायपुढं ओतलं. मायचं सगळं आयुष्य हळदीत गेलेलं. गोल गड्डे एकीकडे, लांब हळकुंडं एकीकडे — लेकाचं नाव विसरलेली बाई, पण हात एकदाही चुकला नाही. दिवसभर निवडत बसायची. संध्याकाळी अर्धी भाकरी खाऊन झोपली की वहिनी दोन्ही ढीग पुन्हा एकत्र करून ठेवायची. सकाळी मायला काम तयार. काम अर्धवट टाकून माय कधी कुठं गेलेली नाही, हे वहिनीनं बरोबर ओळखलं होतं. पोटच्या आम्हा दोघांना ते सुचलं नाही.

दोन वर्षं हेच चाललं. एकच पोतं, रोज. शहाणपण म्हणतात ते मी तेवढंच पाहिलं आहे.

मी वसमतला बियाण्याच्या दुकानात कामाला. शनिवारी यायचो, मायजवळ घटकाभर बसायचो, फोटो काढायचो. सेवा म्हणजे माझी एवढीच. गावात मात्र माझं नाव चांगलं — पोरगं दर आठवड्याला येतं म्हणून.

एका शनिवारी वहिनीच्या भावाचा साखरपुडा होता. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच मुक्कामाला निघाली होती. जाताना मला म्हणाली, "भावजी, माय झोपली की ढीग मिसळून ठेवा. तेवढं इसरू नका." चपला घालून अंगणापर्यंत गेली, परत फिरली आणि पुन्हा तेच म्हणाली.

मी विसरलो असं सांगितलं तर तुम्ही मला माफही कराल. पण मी विसरलो नव्हतो. मोबाइलवर मॅच चालू होती, माय झोपली होती, ढीग समोर दिसत होते. उठायचा कंटाळा आला. आणि मनात आलं — हिला काय कळतंय? मिसळले काय अन् न मिसळले काय. हे वाक्य माझं आहे, माझ्या मायबद्दलचं.

सकाळी दादा शेतात गेलेला, मी अंथरुणात. माय ओसरीवर आली. तिला सगळं कळलं. हळद निवडून झालेली, काम संपलेलं. शेजारच्या काकूंना ती तसं सांगूनच गेली, "झालं बाई माझं काम. आता जाऊन राहिले माहेरी." काकूंना वाटलं, नेहमीचीच बडबड.

दुपारी कालव्याच्या कडेला सापडली. पाय सोललेले, खुबा मोडलेला. त्यानंतर ती कधी उठून बसली नाही.

वहिनी तोवर परतली होती. दादानं भरल्या अंगणात तिलाच विचारलं, "रोजचं काम, तर ढीग मिसळला काहून न्हाई?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? फार नाही. मी बोलेन एवढा वेळ तिनं मला दिला होता, एवढं नक्की. मी मायच्या पायांवरची माती झटकत बसलो — फार मन लावून.

मग ती म्हणाली, "माझंच चुकलं. जायच्या गडबडीत भावजीला सांगायचं राहून गेलं."

ती असं का म्हणाली असेल? तेव्हा माझ्या सोयरिकीचं चाललं होतं, म्हणून? की दादाचा हात माझ्यावर उठला असता, म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारायला आधी कबूल करावं लागतं.

पुढं दीड वर्ष माय पलंगावर होती. वहिनीनं तिचं हागणंमुतणं काढलं, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. रोज सकाळी तिच्या मुठीत चार हळकुंडं द्यायची, आणि माय ती बोटांनी चाचपत राहायची. शेवटच्या दिवशीही तिचा हात पिवळाच होता.

वर्षश्राद्धाला पंगत बसली होती. आत्यानं पुन्हा तीच गोष्ट काढली, सूनबाई सांगायची विसरली म्हणून माय पडली. दोन-चार माना डोलल्या. वहिनी वरणाची बादली घेऊन पंगतीतून फिरत होती. तिनं ते ऐकलं. माझ्यापाशी येऊन तिनं विचारलं, "भावजी, वाढू का अजून?" मी ताट पुढं केलं.

सांगायचं राहिलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं. दोनदा.