मिस्त्रींची कमची

"पहिले वास घ्या, मंग पाना उचला," असं आमचे मिस्त्री म्हणायचे. बंद पडलेली मोटर समोर आली की ते तिच्याजवळ नाक नेत, डोळे मिटत आणि निकाल देत, "जळली." नाहीतर म्हणत, "काही नाही, नखरे करून राह्यली." तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, ज्याने नुसती मान हलवली तरी आपल्याला हायसं वाटतं.

पुसदला आमच्या घरावरून ते रोज नऊला सायकलने आपल्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात जात. एकदा मी त्यांना बोअरची मोटर बघायला बोलावलं. मोटर ठीक निघाली, पण जाता जाता त्यांची नजर अंगणातल्या ॲव्होकॅडोवर गेली.

लेकीने पुण्याहून आणलेलं रोप ते. दोन वर्षं झकास वाढलं आणि मग पानांनी माना टाकल्या, शेंडे वाळले. आमच्या ह्यांची सारी नोकरी कालव्यावर, लोकांच्या शेतांना पाणी सोडण्यात गेलेली. अर्धांगवायूने उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं, आणि दिवसभरात एकच काम उरलं. डाव्या हातात पाइप धरून त्या झाडाला पाणी घालायचं. झाड सुकलं की हे जास्त पाणी घालत आणि ते आणखी सुके. मी एकदा नळ बंद केला, तर हे दोन दिवस जेवले नाहीत. आता सांगा, मी झाड सांभाळू की नवरा?

मिस्त्रींनी बुडाची मूठभर माती उकरून नाकाशी नेली.

"भाभी, हे तहानेनं नाही मरून राह्यलं. बुडून राह्यलं. काळी माती पाणी धरून ठेवते न जी. मुळं सडली याची."

हे मागेच पाइप घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. मिस्त्रींनीही तो पाहिला. कान खाजवत ते ह्यांच्याकडे वळले.

"साहेब, तुमची चूक नाही. आतलं दिसल्याबिगर इंजिन कोणालेच सांभाळता येत नाही."

शुक्रवारी त्यांचं दुकान बंद असायचं. त्या दिवशी ते मुरमाच्या टोपल्या घेऊन आले. पाणी निघून जायला चर खणला, मुरूम मिसळून बुडाशी उंचवटा केला, वाळके शेंडे छाटले, उन्हाच्या बाजूने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा आडोसा बांधला. मोबदल्यात फक्त चहा, तीन चमचे साखरेचा. "घरी सांगू नका, भाभी."

शेवटी त्यांनी बांबूची एक कमची तासून ह्यांच्या हातात दिली. "इंजिनात तेल पाह्याची पट्टी रायते, तशी हे. रोज सकाळी वीतभर खुपसा अन काढून पाहा. ओली निघाली तर पाणी नाही. कोरडी निघाली तरच द्या. अन मले रोज रिपोर्ट पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून नऊला फाटकाशी सायकलची घंटी वाजायची. "साहेब, रिपोर्ट?" हे कमची उंच धरायचे. "ओली." "मंग आज छुट्टी!" आणि सायकल पुढे. एवढ्यासाठी आमचे हे साडेआठलाच दाढी करून फाटकाशी हजर!

एकदा पाणी घालायचा मोह अनावर झाला आणि ह्यांनी बेधडक "कोरडी" सांगितलं. मिस्त्री उतरले, कमची हुंगली. "साहेब, खोटा रिपोर्ट?" दोघं असे हसले की मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. आजारपणानंतर ह्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू आलं, सांगायला लाज कशाची?

फाल्गुनात झाडाला तांबूस पालवी फुटली. मिस्त्रींनी तिचाही वास घेतला आणि म्हणाले, "झाली चालू!"

यंदाच्या थंडीत मिस्त्री गेले. झोपेतच गेले. हे माझा हात धरून त्यांच्या घरापर्यंत चालत आले आणि दाराशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला दाढी करून, कमची घेऊन हे फाटकाशी उभे. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मला काही राहवेना. मी रस्त्यावर गेले आणि फाटकाबाहेरून म्हणाले, "साहेब, रिपोर्ट?"

ह्यांनी मान हलवली. "आधी... घंटी."

मी घरात गेले, देवघरातली घंटी उचलून आणली आणि भर रस्त्यात उभी राहून वाजवली. समोरची मंडळी बघत राहिली, बघू देत.

"साहेब, रिपोर्ट?"

ह्यांनी कमची उंच धरली.

"ओली," म्हणाले. "आज छुट्टी."