दोन बोटांची ढील

चाकूरच्या आमच्या मामांनी आयुष्यात एकही गाठ आवळून बांधली नाही. पोत्याचं तोंड असो, धोतर असो की बैलाचं दावं, गाठ मारून झाली की तिच्यात दोन बोटं घालून बघायचे. बोटं गेली नाहीत तर सोडून पुन्हा बांधायचे. बघणाऱ्याचा जीव जायचा. पण त्यांची गाठ सुटलेली मी कधी पाहिली नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते लातूरला आमच्याकडे महिनाभर राहिले, तेव्हा मी पेंगत पेंगतच दिवस ढकलत होतो. झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, असं निदान झालं होतं. डॉक्टरांनी हवा सोडणारं मशीन आणि नाकावर बांधायचा मास्क दिला होता. मोटारसायकलवर डोळा लागून एकदा मरता मरता वाचलो, तरी तो मास्क मला नकोसा व्हायचा. कडेनं हवा फुसफुसत डोळ्यांत जायची, म्हणून मी पट्टे आवळायचो. आवळले की नाकाचं हाड सोलून निघायचं. शेवटी तो कपाटावर टाकून दिला.

मामांनी तो खाली काढला, उलटासुलटा करून पाहिला.

"हे तर बैलाचं मुसकं हाय की रे!"

कोळपताना बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात, ते. मग माझ्या नाकावरची जखम पाहून करवादले, "येवढं आवळतेत का? रुतलं की बैल मुंडी झटकतो, झटकली की मुसकं सरकतं. तूबी तेच करायलास."

त्यांनी मला आडवं केलं, मशीन चालू करायला लावलं आणि झोपल्या झोपल्याच पट्टे ढिले करून बसवले. गालावर रुतायचे तिथं जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळला. "नव्या गोऱ्ह्याला पयल्याच दिशी औताला जुपत न्हाईत," म्हणून आठवडाभर संध्याकाळच्या बातम्या मला मास्क लावून बघायला लावल्या. बायको हसायची, मी चिडायचो. दहाव्या दिवशी मी सकाळपर्यंत सलग झोपलो.

त्याआधीच्या जागरणांत मात्र मी एक ऐकलं होतं. शेजारच्या खाटेवर मामा घोरायचे, मध्येच एकदम गप्प व्हायचे आणि दचकून श्वास ओढत पुन्हा सुरू व्हायचे. माझंच दुखणं त्यांनाही आहे, हे मला कळत होतं.

"मामा, तुमचीबी तपासणी करून घेऊ," मी म्हणालो.

"मला काय धाड भरली? पुढल्या खेपेला बगू."

पुन्हा रजा काढायची, पुन्हा दवाखान्यात ताटकळायचं, याचा मलाही कंटाळा आला होता. मी बरं म्हणालो आणि त्यांना चाकूरच्या एसटीत बसवून दिलं.

चार महिन्यांनी मामा झोपेतच गेले. कशानं, ते कुणी तपासलं नाही. पुण्यवान माणूस, काही त्रास न होता गेला, असं जो तो म्हणत होता. मामी मला म्हणाल्या, "घोरता घोरता गप झाले बग. मला वाटलं, आता कुठं निवांत झोप लागली."

मला आता रोज गाढ झोप लागते, आणि सकाळी उठलो की तिची लाज वाटते.